भगंदराचं आतलं तोंड: ऑपरेशन कसं ठरवायचं आणि जखम कशी सांभाळायची

गगनबावडा तालुक्यातले एक मामा काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात माझ्याकडे आले. रोपलावण अर्धी टाकून आले होते. खुर्चीवर बसले तेही हातावर भार देऊन, एका अंगावर. पिशवीतून त्यांनी तीन डिस्चार्ज कार्डं काढली आणि टेबलावर ओळीनं मांडली. तीन ऑपरेशनं, तिन्ही भगंदराची, तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, आणि पू अजून येतच होता. "जखम बुजती ओ मॅडम. म्हैना-दोन म्हैनं बरं असतंय. मग एक दिवस ठणका लागतोय आणि पुन्ना फुटतंय."

मी कागदावर चित्र काढलं. एक तोंड बाहेर कातडीवर, एक तोंड आत गुदमार्गात, आणि दोघांच्या मधे नळी. तिन्ही कार्डांवर बाहेरच्या तोंडाचं वर्णन होतं, नळीचा थोडा भाग कापल्याचं लिहिलं होतं. आतलं तोंड कुठं सापडलं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. मामा चित्राकडं बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "म्हंजे हे बांधातलं खेकड्याचं बीळ झालं की. खालच्या अंगानं किती बी चिखल थापा, पानी गळतच ऱ्हातंय. पान्याच्या अंगानं भोक हुडकून बुजवाय लागतंय."

त्या दिवसापासून मी प्रत्येक रुग्णाला भगंदर याच शब्दांत समजावते. शहरातल्या माणसालासुद्धा.

मी कोल्हापुरात पंचवीस वर्षं शल्यचिकित्सा करते. या काळात भगंदर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, एकदा तर सहाव्यांदा घेऊन आलेली माणसं पाहिली. त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत चूक ऑपरेशनच्या आधी झालेली होती किंवा ऑपरेशननंतरच्या सहा आठवड्यांत. म्हणून या दोन्ही टोकांबद्दल सविस्तर लिहिते आहे, आणि मधे टेबलावर आम्ही काय करतो तेही. ते माहीत असलं तर डॉक्टरांना काय विचारायचं हे तुम्हाला कळेल.

गळू असतानाच

गुदद्वारापासून साधारण दोन सेंटिमीटर आत एक दातेरी रेघ असते. तिच्यावर बारीक ग्रंथींची तोंडं उघडतात. ग्रंथी मात्र आतला स्नायू आणि बाहेरचा स्नायू यांच्या मधल्या फटीत बसलेल्या असतात. तोंड तुंबलं की ग्रंथीत पू होतो आणि मऊ जागा मिळेल तिकडं सरकत जातो. कातडीजवळ आला की गळू दिसतं. मांडी घालता येत नाही, खोकलं तरी ठणका बसतो, थंडी वाजून ताप येतो.

आपल्याकडं याला करट म्हणतात, भाजलेला कांदा बांधतात, कुणी गरम पोटीस लावतं. किंवा मेडिकलमधून गोळ्या आणून आठ दिवस काढतात. पू साठला असेल तर त्याला वाट करून देणं हाच उपाय, आणि तो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करायचा. नुसत्या अँटिबायोटिकनं ठणका थोडा दबतो आणि तेवढ्या वेळात पू खोल शिरतो. साखर असलेल्या माणसानं तर एक रात्रही घालवू नये. कातडी काळी-निळी पडत पसरायला लागली, घाण वास यायला लागला, तर तो जिवावरचा प्रसंग आहे. मध्यरात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जायचं.

गळू कापणाऱ्या डॉक्टरच्या हातात इथं एक छोटी पण फार मोलाची गोष्ट असते. काप गुदद्वाराच्या जितका जवळ देता येईल तितका द्यायचा. पुढं नळी झालीच, तर ती आखूड होते आणि दुसरं ऑपरेशन सोपं जातं. लांब ढुंगणावर काप दिला की लांब नळीची पायाभरणी होते.

गळू नीट कापलं तरी तीनातल्या एकाला, काही पाहण्यांत निम्म्या रुग्णांना, नंतर भगंदर होतं. म्हणून मी गळू कापलेल्या प्रत्येकाच्या कार्डावर सहा आठवड्यांनंतरची तारीख लिहून देते. त्या दिवशी जागा कोरडी असेल तर आनंद आहे. अजून ओल असेल, चड्डीला पिवळा डाग लागत असेल, बारीक पुटकुळी भरते-फुटते असं चाललं असेल, तर नळी झाली असं धरून तपासायला यायचं.

हुपरीच्या चांदीकामातल्या एक मावशी, दिवसभर जमिनीवर बसून साखळ्या जोडणाऱ्या, वर्षभर सॅनिटरी पॅड लावून काम करत होत्या. "घरात कुणाला सांगितलो न्हाई ओ. मूळव्याधीचं मलम लावतो म्हटलं, जाईल." बायकांच्या तोंडून हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता तपासणीच्या खोलीत मी स्वतःहून विचारते. मूळव्याधीत गुठळी किंवा रक्त असतं. भगंदरात पू आणि ओल असते. मलमानं नळी बुजत नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या, विनाऑपरेशन तीन दिवसांत खात्रीशीर म्हणणाऱ्या जाहिरातींचं इंजेक्शन घेऊन आलेले रुग्णही मी पाहिले आहेत. त्या जळलेल्या, कडक झालेल्या जागेत नळी शोधणं दुप्पट अवघड होतं.

प्रत्येक भोक भगंदराचं नसतं, हेही सांगायला हवं. माकडहाडावरच्या फटीत केस रुतून होणारी नाडी, म्हणजे पू गळणारं भोक, वेगळी, जांघेत आणि काखेत पुन्हा पुन्हा होणारी गळवं वेगळी. तिथं भगंदराचं ऑपरेशन केलं तर काहीच साधत नाही.

आधी नकाशा, मग चाकू

तपासणीला जाताना एवढं आठवून जा: पहिलं गळू कधी झालं, किती वेळा कापलं किंवा फुटलं, हवा आणि पातळ संडास आवरता येते का, वजन उतरलंय का, घरात कुणाला टीबी झाला होता का, पोट वारंवार बिघडतं का. बाळंतपणात टाके किती पडले होते, हे बायकांनी आवर्जून सांगायचं. जुनी कार्डं टाकून देऊ नका.

डॉक्टर बोटानं तपासतात तेव्हा बाहेरच्या तोंडापासून आत जाणारी सुतळीसारखी कडक दोरी अनेकदा हाताला लागते. जागा सांगताना आम्ही घड्याळ वापरतो. रुग्ण उताणा झोपला असताना पुढची बाजू बारा, माकडहाडाची बाजू सहा. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या डेव्हिड गुडसॉल यांनी १९०० साली सांगितलेला एक नियम आजही उपयोगी पडतो. बाहेरचं तोंड पुढच्या अर्ध्यात असेल तर नळी बहुधा सरळ आत जाते. मागच्या अर्ध्यात असेल तर वळसा घेऊन सहाच्या ठोक्यावर उघडते. पुढचं तोंड तीन सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर तीही मागं वळू शकते. नियम आहे, पण खात्री नाही.

त्याच रुग्णालयातल्या ॲलन पार्क्स यांनी १९७६ साली ४०० रुग्णांवरून भगंदराचे चार प्रकार मांडले. नळी दोन स्नायूंच्या मधूनच खाली येते, बाहेरच्या स्नायूला भेदून जाते, स्नायूच्या वरून वळसा घेते, किंवा स्नायूंच्या पूर्ण बाहेरून जाते. तुमच्या भगंदराचा प्रकार कोणता, हे ऑपरेशनच्या आधी ठरायला हवं. कारण संडास आवरून धरणारे हेच स्नायू आहेत. नळी बरी करताना ते तुटले तर माणूस दुसऱ्या दुःखात पडतो.

वरवरची, आखूड, पहिल्यांदाच झालेली, बोटाला स्पष्ट लागणारी नळी असेल तर अनुभवी सर्जन एमआरआयशिवाय पुढं जाऊ शकतो. पण पुन्हा झालेलं भगंदर, एकाहून जास्त भोकं, बायकांमध्ये पुढच्या बाजूला असलेलं, खोल दुखणारं, या सगळ्यांना एमआरआय करायलाच हवा. खर्च आहे, मला कळतं. पण तिसरं ऑपरेशन त्याहून महाग पडतं.

२००२ साली लॅन्सेट या नियतकालिकात ७१ रुग्णांचा एक अभ्यास आला. सगळ्यांचं भगंदर पुन्हा उद्भवलेलं. सर्जनला टेबलावर जे सापडलं ते एमआरआयशी जुळलं अशा ४० जणांपैकी ५ जणांना पुन्हा त्रास झाला. जुळलं नाही अशा ३१ जणांपैकी १६ जणांना झाला, आणि त्या सोळाही जणांना एमआरआयनं दाखवलेल्या जागीच झाला. हा अभ्यास मी वाचला होता, तरी त्याचा अर्थ मला नीट कळला तो माझ्या स्वतःच्या चुकीमुळं. इचलकरंजीचा एक तरुण, यंत्रमागावर काम करणारा. बाहेरचं तोंड आठच्या ठोक्यावर, नळी वरवरची वाटली. मी ती उघडी केली, जखम छान भरली, चार महिन्यांनी तो दुसऱ्या बाजूला, चारच्या ठोक्यावर, गळू घेऊन आला. एमआरआय केल्यावर दिसलं की माकडहाडासमोरच्या खोल पोकळीत पू होता आणि तिथून दोन्ही बाजूंना घोड्याच्या नालेसारख्या फांद्या फुटल्या होत्या. मी एक फांदी छाटली होती, बुंधा तसाच राहिला होता. मी त्याला आणि त्याच्या वडिलांना हे चित्र काढून सांगितलं, माझ्याकडून काय राहिलं तेही सांगितलं. दुसरं ऑपरेशन त्यांनी माझ्याकडंच करून घेतलं.

एमआरआयच्या रिपोर्टात आतलं तोंड कितीच्या ठोक्यावर आणि किती उंचीवर, नळी कोणत्या स्नायूतून जाते, फांद्या आणि पोकळ्या किती, एवढं लिहिलेलं असावं. रिपोर्टाच्या कागदाबरोबर फिल्म किंवा सीडीही डॉक्टरांना दाखवा. मी स्वतः फिल्म पाहिल्याशिवाय टेबलावर जात नाही. आणि डॉक्टरांना विचारा: आतलं तोंड कुठं आहे, स्नायूचा किती भाग कापला जाणार आहे, एका टप्प्यात होईल की दोन, माझ्या संडासावरच्या ताब्याला धोका किती. संकोच करू नका. चांगल्या सर्जनला हे प्रश्न आवडतात.

टेबलावर

भूल बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन. नळी मागच्या बाजूला असेल तर मी रुग्णाला पालथं घेते, पुढच्या बाजूला असेल तर उताणं, पाय वर बांधून. बाहेरच्या तोंडातून सुईशिवाय बारीक नळीनं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते आणि गुदमार्गात नजर ठेवते. दातेरी रेघेवर कुठंतरी बुडबुडा फुटतो. तेच आतलं तोंड. काही जण निळा रंग सोडतात, पण तो एकदा सांडला की सगळंच निळं होतं, म्हणून माझी पसंती बुडबुड्यांना.

मग प्रोब, म्हणजे बोथट टोकाची बारीक सळई. ती नळीतून आपल्या वजनानं सरकावी. अडली तर थांबायचं, वाकवून बघायचं, दुसऱ्या तोंडाकडून यायचं. जोर लावला की सळई मऊ मांसातून नवी वाट करते, सर्जनला वाटतं नळी सापडली, आणि खरं बीळ शेजारीच राहून जातं. पुन्हा पुन्हा होणाऱ्या भगंदरांपैकी काही अशी माणसानं पाडलेली असतात. शिकाऊ डॉक्टरांना मी सळई दोनच बोटांत धरायला लावते.

नळीतलं खरवडलेलं मांस दर वेळी तपासायला पाठवायचं, भगंदर कितीही साधं दिसो. आपल्या देशात टीबीचं भगंदर अजून दिसतं. ते नुसतं कापून बरं होत नाही, त्याला टीबीची पूर्ण औषधं लागतात. अनेक भोकं, जुलाब, वजन उतरणं असं असेल तर क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार शोधायचा. त्यात कापाकापी फार जपून करतात. नळीत सैल धागा ठेवून पू वाहता ठेवतात आणि आतड्याच्या डॉक्टरांची औषधं चालू करतात.

आता पद्धती. नळी वरवरची असेल, बाहेरच्या स्नायूचा एक तृतीयांशाहून कमी भाग तिच्यावर असेल, तर ती सळईवर संपूर्ण उघडी करायची, तळ खरवडायचा आणि जखमेच्या कडा तळाला शिवून घ्यायच्या म्हणजे जखम लहान होते. योग्य रुग्ण निवडला तर १००पैकी ९०हून जास्त कायमचे बरे होतात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं भगंदर १८ नोव्हेंबर १६८६ रोजी असंच उघडं केलं होतं. त्याच्या सर्जननं, फेलिक्सनं, राजाला हात लावण्याआधी कित्येक महिने इतर रुग्णांवर सराव केला आणि या कामासाठी खास हत्यार घडवून घेतलं.

पण बायकांच्या पुढच्या बाजूची नळी उघडी करायची नाही. तिथं स्नायू आधीच आखूड असतो, बाळंतपणात ताणलेला असतो. हुपरीच्या मावशींची नळी पुढचीच होती. मी त्यांच्या नळीत सैल धागा ओवला, रबरी, मऊ. असा धागा काही कापत नाही, तो नळीला तुंबू देत नाही. भोवतीची सूज बसते, फांद्या सुकतात, एक सरळ नळी उरते. आठ-दहा आठवडे धागा बाळगायचा, आंघोळ, काम, प्रवास सगळं चालतं. कंटाळून स्वतः ओढून काढू नका, एवढीच हात जोडून विनंती.

त्यानंतर मावशींवर लिफ्ट नावाची शस्त्रक्रिया केली. बँकॉकच्या अरुण रोजनसकुल यांनी २००७ साली मांडलेली ही पद्धत. दोन स्नायूंच्या मधल्या फटीत, गुदद्वाराच्या कडेनं छोटा काप द्यायचा, फटीतून जाणारी नळी वेगळी करायची, आतल्या तोंडाच्या अंगानं बांधायची, मधला तुकडा काढायचा, दुसरं टोकही बंद करायचं. स्नायू कुठंच कापला जात नाही. १००पैकी साधारण ६० ते ७५ जण एका लिफ्टमध्ये बरे होतात, आणि न झालेल्यांपैकी बऱ्याच जणांची नळी आखूड होऊन पुढचं काम सोपं होतं. मावशी पहिल्याच खेपेला बऱ्या झाल्या.

आतल्या तोंडावर गुदमार्गाचं अस्तर ओढून झाकण शिवणं, ही आणखी एक जुनी, स्नायू वाचवणारी पद्धत. तंबाखू ओढणाऱ्यांमध्ये हे झाकण सुटण्याची भीती जास्त. नळीत भरायचा फिब्रिन गोंद आणि नळीत बसवायचं बूच, म्हणजे प्लग, यांच्याकडून मला फारसं समाधान मिळालेलं नाही, म्हणून मी ते करत नाही.

खोल, फटीत पोकळी असलेल्या भगंदरासाठी पंचकुल्याच्या पंकज गर्ग यांनी २०१७ साली ट्रॉपिस नावाची पद्धत मांडली. पोकळी बाहेरून न उघडता गुदमार्गाच्या आतून उघडी करायची, तशीच उघडी राहू द्यायची, बाहेरचा स्नायू शाबूत ठेवायचा. गगनबावड्याच्या मामांना मी हीच केली. सहाच्या ठोक्यावर, फटीत, सुपारीएवढी पोकळी होती. तीन ऑपरेशनांत तिथपर्यंत कुणी पोहोचलंच नव्हतं. पान्याच्या अंगाचं भोक, मामा म्हणाले होते तसं.

लेसरबद्दल रोज विचारणा होते, कारण राजारामपुरीपासून गावच्या चौकापर्यंत फलक लागलेत. लेसरची बारीक तार नळीत घालून आतून भाजत मागं आणतात. जखम लहान, दुखणं कमी, स्नायू सुरक्षित. पण बरं होण्याचं प्रमाण बहुतेक अहवालांत १००पैकी साठ-पासष्टच्या आसपास आहे, आणि फांदी किंवा पोकळी राहिली असेल तर तार तिथं पोहोचत नाही. इटलीतल्या पिएरकार्लो मेइनेरो यांनी आणलेली दुर्बीण नळीच्या आत घालून बघायची पद्धतही चांगली आहे. मात्र तिच्यातही आतलं तोंड वेगळं बंद करावंच लागतं. यंत्र कोणतंही असो, विचारायचं एवढंच: आतल्या तोंडाचं काय करणार?

क्षारसूत्राविषयी मी आदरानं बोलते. सुश्रुतानं भगंदराचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातल्या एकाचं नाव शंखाच्या वळशावरून शंबूकावर्त आहे. घोड्याच्या नालेसारखी वळलेली नळी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तेच नाव आठवलं होतं. धाग्याला स्नुहीचा, म्हणजे निवडुंगाचा, चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून २१ लेप देतात. हा धागा नळीत ओवून बांधतात, आठवड्यानं बदलतात, आणि तो नळी हळूहळू कापत आणि मागून भरत आणतो. बनारस हिंदू विद्यापीठात १९६०च्या दशकात या उपचाराचं पुनरुज्जीवन झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि १९९१ साली निष्कर्ष छापले. क्षारसूत्रानं भरायला साधारण आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेनं चार, पण पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण क्षारसूत्रात १००पैकी ४ आणि शस्त्रक्रियेत ११ होतं. आयुर्वेदातलं शल्यतंत्राचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या वैद्याकडंच ते करून घ्या. उंच नळी असेल तर त्यांनाही एमआरआय दाखवा.

पैशाची अडचण असेल तर कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात जा. शासकीय योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

घरी आल्यावर

जखम तळापासून वर भरत यायला हवी. वरची कातडी आधी मिटली आणि तळ पोकळ राहिला, की बीळ पुन्हा तयार. उघड्या जखमेकडं बघून घरचे घाबरतात, "टाके का नाही घातले?" म्हणून विचारतात. ती उघडी ठेवलेली असते ती याचसाठी.

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर प्रत्येक रुग्णाच्या घरच्या एका माणसाला पहिल्या तीन दिवसांत ड्रेसिंग शिकवूनच सोडतात. नवरा, बायको, बहीण, कुणीही. एका मुलानं आपल्या वडिलांचं ड्रेसिंग सात आठवडे केलं. दोघंही तालमीतले, दोघंही आधी लाजत होते. तिसऱ्या दिवशी मुलानं म्हटलं, "आण्णा, तुम्ही माझं ढुंगण धुतलंय की." आण्णा रडले. मग काही अडलं नाही.

रोज असं करायचं. संडास झाल्यावर आणि रात्री झोपताना, दिवसातून दोन-तीनदा, रुंद प्लॅस्टिकच्या टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसायचं. टब फक्त त्याच कामाचा, धुण्याचं घमेलं घ्यायचं नाही. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल एवढंच गरम. डेटॉल, फिनेल, तुरटी काही घालायचं नाही. औषधी पाण्यानं कोवळं मांस जळतं. मग मगानं किंवा हँडशॉवरनं जखमेच्या आत हळू धार सोडायची, स्वच्छ कापडानं टिपायचं, पुसायचं नाही. गॉजची पट्टी ओली करून जखमेच्या दोन्ही कडांच्या मधे, तळापर्यंत, हलकी ठेवायची. दाबून कोंबायची नाही. कोंबलेला गॉज जखमेला भरू देत नाही आणि नुसता वर ठेवलेला गॉज कडांना चिकटू देतो. वरून सॅनिटरी पॅड. पुरुषांनीही वापरा, दुकानात मागायला लाजू नका.

भोवतीचे केस दर दहा-बारा दिवसांनी कातरून घ्या. जखमेत पडलेला केस भरणं अडवतो.

दर आठवड्याला डॉक्टरांना दाखवायचं, आणि दुखत नसलं तरी दाखवायचं. आम्ही बोट घालून बघतो की दोन कडांच्या मधे कातडीचा पूल तर झाला नाही ना. आठवड्याचा पूल बोटानं सुटतो, महिन्याचा पूल पुन्हा भूल मागतो. "बरं वाटतंय, कारखाना सुरू झालाय, तोडणी आलीय" म्हणून गळीत हंगामात तिसऱ्या आठवड्यापासून न येणारे रुग्ण माझ्या काळजाला लागतात. साधी जखम चार ते आठ आठवडे घेते. खोल भगंदराला तीन महिने लागू शकतात.

संडास मऊ पण बांधलेली हवी. कुंथायचं नाही, आणि जुलाबाच्या गोळ्या घेऊन पातळही करायची नाही. रात्री दोन चमचे इसबगोल मोठा पेला पाण्याबरोबर, दिवसभर भरपूर पाणी, भाकरी, पालेभाजी, पेरू, पपई. तांबडा रस्सा कधी खायचा, हे विचारल्याशिवाय इथला रुग्ण घरी जात नाही. रश्श्यानं भगंदर होत नाही आणि परतही येत नाही. पण जखम ओली असेपर्यंत तिखट झोंबतं, म्हणून महिनाभर पांढऱ्यावर भागवा. तंबाखू मात्र बंद. बिडी-सिगारेटनं जखमेचा रक्तपुरवठा आखडतो, आणि मी मिश्री-तंबाखूलाही सूट देत नाही. साखर तपासत राहा. साखर वाढलेल्या माणसाची जखम आठवडे न्‌ आठवडे तिथंच थांबते.

दुचाकी तीन-चार आठवडे नको. खुर्चीवर जाड उशी घेऊन बसा. मधे भोक असलेली गोल उशी मी देत नाही, तिच्यावर कडा ताणल्या जातात. चालणं पहिल्या दिवसापासून.

पॅड रक्तानं भिजून बदलावं लागत असेल, ताप आला, लघवी अडली, दुखणं कमी होण्याऐवजी रोज वाढत गेलं, तर फोनवर विचारत बसू नका, या. थोडी लस, गुलाबी पाणी, पट्टीला पिवळट थर हे चालतं.

परत उद्भवणारी भगंदरं बहुतेक पहिल्या वर्षातच डोकं वर काढतात. म्हणून जखम भरल्यावरही तीन, सहा आणि बारा महिन्यांनी दाखवा. खोल भगंदर असेल तर तीन-चार महिन्यांनी पुन्हा एमआरआय करून तळ भरलाय का हे मी बघते, बाहेरून कातडी कितीही सुंदर दिसो.

गगनबावड्याचे मामा या सगळ्या तारखांना आले. बाराव्या महिन्याला जागा कोरडी होती. त्यानंतरच्या सुगीत ते पुन्हा दारात दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. पण त्यांच्याबरोबर एकोणीस वर्षांचा भाचा होता, पाय फाकून चालत होता, चेहरा लाल झालेला. मामांनी त्याला पुढं ढकललं. "काल सांजचं दुखाय लागलंय म्हणतोय. कांदा बांधाय लागलीती त्याची आई, मी बांधू दिलो न्हाई. आजच कापा." त्याच संध्याकाळी गळू कापलं, काप गुदद्वाराच्या अगदी जवळ दिला. कार्डावर सहा आठवड्यांनंतरची तारीख मी लिहिली, आणि मामांनी ते कार्ड घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं.